कृष्णाकाठचे ऐकणारे

औदुंबरच्या साहित्य संमेलनाची तारीख पत्रिकेत शोधावी लागत नाही. मकरसंक्रांत आली की संमेलन आलं. कृष्णेच्या या काठावर हे १९३९ पासून ठरून गेलेलं आहे. मोठ्या संमेलनांचं पुढचं स्थळ कोणतं, यजमान कोण, यावर महाराष्ट्रात महिनोन्‌महिने खल चालतो. इथे गाव ठरलेलं, दिवस ठरलेला आणि ऐकायला येणारी माणसंही बहुतेक तीच. दरवर्षी नवा येतो तो बोलणारा.

हे संमेलन ज्यांनी उभं केलं ते कवी सुधांशु, म्हणजे हणमंत नरहर जोशी, याच गावचे. जन्म १९१७चा. संमेलन सुरू झालं तेव्हा ते जेमतेम बाविशीत होते. जोडीला कथाकार म. भा. भोसले. दोघांनी सदानंद साहित्य मंडळ काढलं आणि दत्ताच्या या गावात, जिथे लोक पादुकांच्या दर्शनाला येत होते, तिथे लेखकांना बोलवायला सुरुवात केली. सुधांशुंची दत्तभक्तीची गाणी आर. एन. पराडकरांच्या आवाजात घरोघरी पोहोचली. पण त्यांचं सर्वांत मोठं काम कुठलं असं मला कुणी विचारलं, तर मी हे संमेलन सांगेन. कविता लिहिणारे पुष्कळ असतात. कविता ऐकणारं गाव तयार करायला एक अख्खं आयुष्य द्यावं लागतं, आणि ते त्यांनी दिलं.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे किर्लोस्करवाडीला उतरले. थंडी चांगलीच होती. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेताना या जागेचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९१० साली इथे नुसता माळ होता. औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि निवडुंग तोडून नांगरांचा कारखाना उभा राहिला, हे आपण शाळेत वाचतो. त्याच माळावरून १९२० पासून मासिक निघू लागलं, हे मात्र विसरतो. शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ इथून महाराष्ट्रभर पाठवली. माझ्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी पहिला स्वतंत्र विचार ‘स्त्री’च्या पानांवर वाचला, आणि ती पानं या आडवाटेच्या स्टेशनातून गाडीत चढत होती. एवढ्याशा गावात साहित्य संमेलन कसं काय, असं शहरातली माणसं आश्चर्याने विचारतात तेव्हा मला राग येतो. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात माणदेशातले. हे सगळं आजच्या एकाच जिल्ह्यात आहे. आश्चर्य वाटायचंच असेल तर शहरांनी स्वतःबद्दल वाटून घ्यावं.

वडापने पलूस आणि तिथून भिलवडी. गाडीत माझ्या शेजारी दोन बायका स्टीलचे डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या, माहेरी संक्रांतीला निघालेल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मध्येच द्राक्षबागा, कुठे हळदीची पिवळी पडत चाललेली पानं. तोडणी जोरात होती. दर फर्लांगावर एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर टेकडीएवढा ऊस आणि केबिनमधून कान फाटतील एवढी गाणी. याच आवाजाशी माझी दुपारी मांडवात पुन्हा गाठ पडायची होती.

भिलवडीचा घाट पाहून पाय थबकतात. काळ्या दगडाच्या लांबरुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. जानेवारीत कृष्णा संथ असते, पात्राच्या तळाशी गेलेली. या काठाला भुवनेश्वरीचं देऊळ, पलीकडे औदुंबर. पुलावरूनही जाता येतं, पण मी होडीने गेले. कारण इथली कथाच नदी ओलांडण्याची आहे. गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायात करवीरचा एक ब्राह्मणाचा मुलगा येतो. त्याला काही शिकता येत नाही. लोकांच्या टोमण्यांना कंटाळून तो भुवनेश्वरीपुढे धरणं धरतो आणि शेवटी आपली जीभ कापून देवीला वाहतो. देवी त्याला पलीकडे औदुंबराखाली बसलेल्या नृसिंहसरस्वतींकडे पाठवते. ते डोक्यावर हात ठेवतात, मुलाची जीभ परत येते आणि विद्याही येते. ज्याला बोलता येत नाही म्हणून गावाने हिणवलं, त्याला वाणी मिळाल्याची ही जागा. लेखकांना बोलावण्यासाठी दोन तरुणांना यापेक्षा योग्य ठिकाण कुठलं सुचणार होतं?

औदुंबर तसं लहान. अंकलखोपला लागूनच. विमल पादुकांचं मंदिर, घाट, जुनी झाडं, पेढ्यांची आणि हारांची दुकानं, दर्शनाची रांग. संक्रांतीच्या सकाळी देवळाकडे येणारे आणि मांडवाकडे येणारे एकाच रस्त्याने येत होते. काहीजण दोन्हीकडे जात होते, चप्पल एकीकडे काढून, पायांवर पाणी घेऊन. मांडवाच्या तोंडाशी एक आजोबा ताटलीतून तीळगूळ देत उभे होते. बॅनर, प्रायोजक, ओळखपत्रं, गळ्यात लटकवायच्या फिती यांतलं काही न लागता मी आत जाऊन बसले.

मी मुद्दाम बायकांच्या बाजूला बसले. माझ्या डाव्या हाताला सत्तरीच्या पुढच्या एक काकू होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात काळ्या मण्यांची जपमाळ. त्या अंकलखोपच्या. दरवर्षी येता का, असं मी विचारलं. “लगीन हून आल्यापास्नं चुकवलं न्हाई बगा. सासूबाई आणायच्या. म्हणायच्या, घरात बसून तिळाचं लाडू वळण्यापरीस चल, चार शबुद ऐकून येऊ.” त्यांना वाचता येत होतं, पण आता डोळ्यांनी जमत नाही म्हणाल्या. कोणकोण ऐकलं, असं विचारल्यावर त्यांनी लेखकांची नावं सांगितली नाहीत. त्या गोष्टी सांगू लागल्या. एका लेखकाने आपल्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं होतं. एका बाईने सांगितलं होतं की ती चुलीपुढे बसून लिहायची आणि कुणी आलं की कागद पिठाच्या डब्यात लपवायची. एकजण फार वेळ बोलला आणि काही कळलं नाही. वर्षं त्यांना आठवत नव्हती, पण सून बाळंतपणाला गेली होती ते साल, नातवाला ताप आला होता ते साल, असा त्यांचा हिशेब पक्का होता. त्या बोलत असताना माझ्या लक्षात आलं की मराठी साहित्याचा हा एक इतिहास आहे आणि तो कुठल्याही वाङ्मयेतिहासात नाही. पन्नासेक वर्षं एकाच जागी बसून ऐकलेल्या माणसाने राखलेला.

अध्यक्ष एक कादंबरीकार होते. भाषण तासाभराचं झालं. पहिला भाग परंपरेविषयी होता, थोडा पुस्तकी. त्याबद्दल मी फारसं सांगत नाही. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आपल्या पहिल्या कादंबरीतल्या एका ऊसतोड बाईबद्दल बोलू लागले. पहाटे तीनला उठणारी, कोयता आणि झोपलेलं मूल दोन्ही घेऊन फडात जाणारी. नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली, गाण्यांच्या दणदणाटात. ध्वनिक्षेपक असूनही त्यांचा आवाज बुडाला. ते थांबले. मांडवातले पाच-सातशे लोकही थांबले. कुणी वैतागलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. ट्रॉली लांब जाईपर्यंत सगळे तसेच बसून राहिले आणि तो आवाज विरल्यावर वक्ते म्हणाले, “हीच ती.” पुढचं वाक्य त्यांनी लगेच उच्चारलं नाही. उच्चारायची गरजही नव्हती. ज्या बाईबद्दल ते बोलत होते तिने तोडलेला ऊस नुकताच आमच्यासमोरून कारखान्याकडे गेला होता. शहरातल्या वातानुकूलित सभागृहात मी किती व्याख्यानं ऐकली असतील! लेखकाचा विषय भाषणाच्या मध्येच रस्त्यावरून चालत गेलेला मी तिथे कधी पाहिला नाही.

भाषणानंतर प्रश्न विचारायची मुभा होती. मांडवात दोन-तीनच प्रश्न झाले. खरे प्रश्न जेवणानंतर घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, झाडाखाली. जेवण म्हणजे भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांची रस्सा भाजी, ठेचा. ही वांगी बाहेर कुठेही तशी लागत नाहीत, हे मी पुराव्याशिवाय आणि पूर्ण खात्रीने लिहिते. हात धुऊन अध्यक्ष पारावर टेकले आणि त्यांच्याभोवती माणसं जमत गेली. एक नववीतला मुलगा, शाळेच्या गणवेशातच, पुढे आला. त्याने विचारलं, “सर, पुस्तकातला माणूस मरणार हे तुम्ही आधीच ठरवून ठेवता, का लिहिताना मरतो?” मुलगा मस्करी करत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. अध्यक्षांनीही त्याला समोर बसवून घेतलं आणि दहा मिनिटं त्या एका मरणाबद्दल सांगितलं. पहिल्या खर्ड्यात तो माणूस जगला होता, मग त्यांच्या लक्षात आलं की तो जगला तर त्याची बायको कधीच घराबाहेर पडणार नाही. मुलगा म्हणाला, “म्हणजे तिच्यासाठी मेला.” मी समीक्षा वाचून आयुष्य काढलं आहे. त्या कादंबरीवर इतकं नेमकं वाक्य माझ्या वाचनात आलेलं नाही.

मग मागून एक मध्यमवयीन शेतकरी बोलला. तोवर तो गप्पच उभा होता. “तुमची दोन पुस्तकं वाचलीत सर. त्यात आमचं गाव हाय. पण पाणी आलं ते न्हाई. ते कोण लिहिणार?”

पाणी म्हणजे २०१९चं. ऑगस्टमध्ये कृष्णेने या सगळ्या काठाला वेढा घातला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. इथून जवळच्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि तिच्यातली कितीतरी माणसं बुडाली. सांगलीचं नगर वाचनालय १८६९चं. तिथे पाणी शिरून हजारो पुस्तकांचा लगदा झाला, त्यात पुन्हा कधी मिळणार नाहीत अशी जुनी पुस्तकं होती. औदुंबरला तर पुराचं पाणी देवळात दरवर्षीच शिरतं, पण २०१९चं पाणी तसलं नव्हतंच, असं तिथले लोक सांगतात. दोनच वर्षांनी, २०२१मध्ये, पुन्हा. मी येताना एका घराच्या भिंतीवर हातभर वर कोरडा पडलेला गाळाचा पट्टा पाहिला होता, आणि त्याच्यावर, माझ्या डोक्याच्याही वर, दुसरा. आम्ही सगळे ज्या झाडाखाली उभे होतो तीही जागा तेव्हा पाण्याखालीच असणार.

अध्यक्ष थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तेव्हा पुण्यात होतो. टीव्हीवर पाहत होतो. जे पाहिलं नाही ते लिहायला मन धजत नाही.” शेतकऱ्याने मान हलवली. “मग या आमच्याकडं. राहा महिनाभर. मी सांगतो सगळं. म्हैस कशी सोडली तेबी सांगतो.” शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज बदलला. गोठ्यातली जनावरं नेता येत नाहीत म्हटल्यावर दावं कापून सोडून द्यायची आणि ती पाण्यातून आपापल्या बळावर कुठे लागतील ते लागतील, हा निर्णय त्या आठवड्यात या काठावरच्या कितीतरी माणसांनी घेतला. तो प्रसंग ज्याने अनुभवला त्याने तो लिहायला हवा, असं सांगणं सोपं आहे. पण हा माणूस आपली गोष्ट लेखकाच्या स्वाधीन करायला निघाला होता, विश्वासाने. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोठा साहित्यिक प्रसंग हा होता. भाषण त्याच्यापुढे लहान.

साहित्य संमेलनांनी समाजाला काय दिलं याचे हिशेब मराठीत वारंवार मांडले जातात. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकार सभा भरली. पुढे १८८५च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं, कारण ज्यांच्या हक्कांचा विचार त्या सभेत नाही त्यांनी तिथे मिसळावं कशाला, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल अजून शिळा झालेला नाही. १९९९ मध्ये धारावीत बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही संमेलन उभं राहिलं ते त्यातूनच. औदुंबर या वादात कुठे बसतं, याचा मी विचार करत होते. हे बंडाचं संमेलन नाही. देवळाच्या सावलीत भरतं, आणि तिथे कुणाचे पाय सहज वळतात आणि कुणाचे अडखळतात हा प्रश्न त्यालाही विचारायला हवा. मी आजूबाजूला पाहत होते ते त्यासाठीच. मांडवात शेतकरी होते, शिक्षक होते, दुकानदार, कॉलेजची मुलं, भाकरी बांधून आलेल्या बायका. ऊस तोडणारे मात्र नव्हते. ते फडात होते. त्यांच्याबद्दल बोललं गेलं आणि त्यांना ऐकता आलं नाही, ही खंत मला संध्याकाळपर्यंत सोडत नव्हती. त्यांची पालं मांडवापासून लांब नव्हती. एक सत्र तिथे नेता येईल. कुणीतरी न्यावं.

कविसंमेलनात कवी पुष्कळ होते, त्यामुळे चांगल्याबरोबर बरंचसं सुमारही ऐकावं लागलं. देशप्रेम, आई, पाऊस, पुन्हा आई. पण मग एक मुलगी आली. पलूसच्या बाजूची, कॉलेजात शिकणारी. मोबाइलवरून वाचत होती, आवाज कापत होता. कविता द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या आईच्या हातांवर होती. विरळणी, डिपिंग, जीएचं पाणी, घडामागून घड मगमध्ये बुडवणारी बोटं आणि रात्री त्याच बोटांनी मुलीची वेणी घालणं. तिने हे शब्द समजावून सांगितले नाहीत. बागायतदारांच्या आणि मजुरांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे कवितेत आणून ठेवले. माझ्या पुढच्या ओळीतल्या तीन बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने नकळत आपली बोटं पदराखाली घेतली. कविता संपल्यावर टाळ्या वाजायच्या आधी मागून एक आवाज आला, “परत म्हण गं.” मुलगी गोंधळून सूत्रसंचालकांकडे बघायला लागली. त्यांनी मान डोलावली आणि तिने पहिल्यापासून पुन्हा वाचली, या वेळी आवाज न कापता. गाण्याच्या मैफलीत ‘वन्स मोअर’ मिळतो. कवितेला तो मिळताना मी तिथे पाहिला, आणि तो द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईने मागितला.

एका माणसाच्या मागणीवर कविता पुन्हा वाचली जाते, कारण ऐकणाऱ्यांना माहीत आहे की हे संमेलन आपलं आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनासाठी गावोगाव फिरले तेव्हा त्यांनाही हेच ऐकणारे भेटले असतील. गोष्ट कुठे ताणली गेली हे कळणारे आणि मनापासून हसणारे. बेळगावकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथेही दरवर्षी हिवाळ्यात गावं आपापली मराठी संमेलनं भरवतात. तिथे तर भाषेचा प्रश्न घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. या गावांची दखल मोठ्या वर्तमानपत्रांत चार ओळींपलीकडे जात नाही. मराठी टिकेल का, यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एकदा इथे येऊन नुसतं मागच्या ओळीत बसावं.

पुस्तकांची टेबलं दोनच होती, पण गर्दी बरी होती. ‘बनगरवाडी’च्या प्रती संपल्या होत्या. विक्रेत्याने सांगितलं की इथे ती दरवर्षी संपते. त्या द्राक्षबागेच्या कवितेवाल्या मुलीभोवती कॉलेजच्या मैत्रिणी जमल्या होत्या आणि मघाच्या त्या तीन बायकांपैकी एक तिला विचारत होती, तुझी आई कुठल्या बागेत जाते.

मांडवाच्या कोपऱ्यात मंडळाचे दोघे-तिघे खुर्च्या एकात एक घालत होते. अंकलखोपच्या काकू निघता निघता त्यांच्यापाशी थांबल्या.

“पुढच्या बारीला बाई बोलवा,” त्या म्हणाल्या. “लिवणारी. पण अशी बोलवा की जी मोठ्यांदा बोलंल. मागं ऐकू आलं पायजे.”

“कोण बोलवू, सांगा की काकू.”

“ते तुम्ही बगा. तुम्ही वाचताय न्हवं? मी ऐकते.” आणि मग मागे वळून त्या घाटाकडून येणाऱ्या शेतकऱ्याला म्हणाल्या, “आन तू रं, म्हशीचं त्या मास्तरला सांगितलंस, ते हितं मांडवात का न्हाई सांगितलंस? पुढच्या बारीला वर जाऊन सांग.”

मंडळातल्या एकाने खुर्ची खाली ठेवली, खिशातून डायरी काढली आणि त्याचं नाव लिहून घेतलं.